उजवा खांदा, डावा डोळा

वाळवंटातल्या चँडलरच्या त्या अपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात दिवस उजाडला की पहिलं काम पडदे मिटायचं. आई उठायची, पूर्वेकडच्या खिडकीच्या पट्ट्या खाली ओढायची, मग चहा टाकायची, आणि त्यानंतर ऊन कलेपर्यंत आम्ही दोघी त्या पिवळट अंधारात एसीची घरघर ऐकत बसून राहायचो. दुसरा मजला, दोन खोल्या, खाली एक निळा स्विमिंग पूल. त्याचं पाणी दुपारी बंबातल्या पाण्यासारखं तापायचं. बाबा एका सहकाऱ्याच्या गाडीतून कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात जायचे. तिथं म्हणे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घ्यावं लागायचं, धुळीचा एक कण आत जाता कामा नये म्हणून. आमची गाडी खाली उभी असायची आणि मला नुकतं लायसन्सही मिळालं होतं, पण जाणार कुठं? वर्गातल्या मुली सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात नाहीतर मॉलमध्ये कामाला लागल्या होत्या. आमच्या व्हिसावर मला ते चालत नव्हतं. आईलाही चालत नव्हतं. तिला सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, आणि त्या देशात जिथं जिथं तिचं नाव लिहिलेलं होतं तिथं ती बाबांची बायको म्हणूनच होती. बाबांचा ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत होता. तोवर त्यांना नोकरी बदलता येत नव्हती. भारतात जाऊन यावं म्हटलं तर परतीचा शिक्का वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. "एकदा कार्ड येऊ दे" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं जायचं की ते ऐकू येणंच बंद झालं होतं.

आईचं माहेर कोल्हापूरचं, आणि माझ्या आजोबांचं, नानांचं, तिथं बंदुकांचं दुकान होतं. आज हे वाक्य मी सहज लिहून जाते, पण लहानपणी ते आमच्याकडे उच्चारायची पद्धत नव्हती. बाबा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होते आणि दुकानासमोरच्याच एका खोलीत राहायचे. लग्न दोघांनी आपल्या मर्जीनं केलं. पुण्याच्या आजीनं सून मानली, पण येणाऱ्याजाणाऱ्याला व्याह्यांचं "हार्डवेअरचं दुकान आहे" असंच ती सांगायची. लग्नानंतर आईनं मटण सोडलं, आणि "मी जातो, मी करतो" असं बोलणंही सोडलं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल तसंच बोलतात. पुण्यात ते ऐकून लोक हसायचे. नानांच्या दुकानात नव्या बंदुका कमी आणि दुरुस्तीची कामं जास्त असत. उसातली डुकरं हाकायला शेतकऱ्यांनी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका यायच्या, तशा जुन्या इनामदारांच्या विलायतेहून आणलेल्या दुनळ्याही. आई शाळेतून आली की मागच्या खोलीत नानांजवळ बसायची. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं, नळीच्या पोटावरचे बारीक शिक्के भिंगातून वाचायचे, लाकडाच्या रेषा कुठून कुठं वाहतात ते बोटानं बघायचं, हे तिचं बालपण. मला हे सगळं त्या उन्हाळ्यात कळलं. त्याआधी मलाही हार्डवेअरचंच दुकान माहीत होतं.

संध्याकाळी ऊन उतरलं की आई चालत लायब्ररीत जायची. तिथं दाराशी जुनी मासिकं फुकट न्यायला ठेवलेली असत. एक दिवस ती दोन्ही हातांत भरून एकाच मासिकाचे अंक घेऊन आली. जुन्या शॉटगन आणि शिकारीच्या रायफली जमवणाऱ्या लोकांचं मासिक होतं ते. पुढचे लेख तिनं चाळलेही नाहीत. तिला सापडली होती मागची पानं, जिथं संग्राहक आपल्याला काय काय हवंय त्याच्या याद्या छापून आणत. ओट्याशी शेंगदाणे भाजता भाजता ती मोठ्यानं वाचायची आणि मराठी करत जायची. "हवी आहे, अठ्ठावीस बोअरची दुनळी, घोडे बाहेरचे, मूळच्या कातडी पेटीसकट. हवी आहे, लीव्हरची जुनी रायफल, हरणाच्या शिकारीची. दस्त्याच्या डाव्या बाजूला खोल चरा असेल तर कृपया ताबडतोब फोन करा."

"चरा असलेली कशाला हवी त्याला?" मी विचारलं.

"घरातलीच असणार गं. विकून बसला असेल कधीतरी, आणि आता चैन पडत नसेल." तिनं कढई हलवली. "नानांकडं यायची अशी माणसं. बापानं विकलेली बंदूक शोधत पोरगं यायचं."

मला लाज वाटायची. विमानं घालून ते मनोरे पाडल्याला फार दिवस झाले नव्हते. बाबांना विमानतळावर दोनदा बाजूला काढून तपासलं होतं, आणि इकडं माझी आई गाऊन घालून, केसांना क्लिप लावून बंदुकांच्या याद्या वाचत होती. "आई, प्लीज, कुलकर्णी काकू आल्या की त्यांच्यासमोर हे काही काढू नकोस हं," मी म्हणायचे. ती मान हलवायची आणि पुढची ओळ वाचायची. किती तरी दिवसांनी तिचा आवाज खुललेला होता, हे मला दिसत होतं. म्हणून मी अंक लपवले मात्र नाहीत.

त्या सगळ्या अंकांत एका माणसाची एकच ओळ परत परत यायची. हवी आहे, दुनळी, बारा किंवा सोळा बोअर, दस्ता उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्यासाठी वळवलेला. अवस्था कशीही चालेल. खाली नाव होतं लॉइड, गाव ग्लोब, म्हणजे आमच्यापासून पूर्वेला डोंगरातलं जुनं तांब्याच्या खाणींचं गाव. आईनं मला खुर्चीवरून उठवून दाखवलं. माणूस ज्या खांद्याला बंदूक लावतो त्याच बाजूच्या डोळ्यानं नेम धरतो. उजवा डोळा गेला पण डावा खांदाही कामाचा नाही, असं झालं तर काय करायचं? मग दस्ता असा नागमोडी वळवून बनवावा लागतो, की तो टेकतो उजव्या खांद्यावर आणि नळ्या येतात डाव्या डोळ्यासमोर. "आमच्याकडच्या एका इनामदाराचा डोळा गेला होता, नानांनी त्याला करून दिलं होतं. हा वेडा विकत शोधत बसलाय. अशी आयती बंदूक कुठं मिळणार? करूनच घ्यायला पाहिजे." आणि तिनं फोन उचलला.

फोनवर पहिल्यांदा तिचं बोलणं लॉइडना कळलं नाही, दुसऱ्यांदा त्यांनी विश्वास ठेवला नाही. तिसऱ्यांदा आपणहून फोन करून "या" म्हणाले. त्यांचं संथ, नाकातलं इंग्रजी माझ्या आठवणीत आता मराठीतच उरलंय, म्हणून मी ते मराठीतच लिहिते. लॉइड हे गुरांचे निवृत्त डॉक्टर होते. एका गायीच्या लाथेनं डावा खांदा कायमचा गेलेला, आणि आता एका गाठीमुळं उजवा डोळा काढावा लागलेला. दर वर्षी पावसाळ्यानंतर ते लावा पक्ष्यांच्या शिकारीला जात. वडिलांची सोळा बोअरची इंग्लिश दुनळी त्यांच्याकडं होती, पण संग्राहक मित्र म्हणत, तिच्या मूळच्या दस्त्याला हात लावू नकोस, तिची सगळी किंमत त्यात आहे. असे दस्ते बनवणारा जो एक कारागीर होता त्याच्याकडं वर्षानुवर्षांची रांग होती. "बाई, मला म्हातारपणी रांगेत उभं राहायचं नाहीये," ते म्हणाले. "मला ह्या मोसमात लावे मारायचेत."

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात ताटातच थांबला. ते ओरडणारे नव्हते. त्यांनी हात धुतले, कॉम्प्युटर लावला आणि कायदा शोधून काढला. व्हिसावर आलेल्या परदेशी माणसानं बंदूक बाळगणं तर सोडाच, हातात धरणंसुद्धा गुन्हा. "कळतंय का तुला? अर्ज जाईल, नोकरी जाईल, आपल्या केतकीचं कॉलेज जाईल. सगळं एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी." पण बाबा फार सरळ माणूस. एखादं पान वाचायला घेतलं की शेवटपर्यंत वाचायचे, आणि त्या पानाच्या शेवटी अपवाद दिलेला होता, तोही त्यांनी त्याच आवाजात वाचून दाखवला. ज्याच्याकडं राज्याचं शिकारीचं लायसन्स आहे त्याला हे लागू नाही.

"मग ते काढू या," आई म्हणाली.

"काय काढू या?"

"शिकारीचं लायसन्स."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी काही तरी समजावून सांगणार होते. मग ते म्हणाले, "मी ऐकलेलं नाही. मला यातलं काहीही माहीत नाही." आणि पुढं कितीतरी दिवस ते खरोखरच ऐकलं नसल्यासारखे वागले. मीठ हवं असलं तरी मला सांगायचे, आईला नाही.

लायसन्स मिळालं ते खेळांच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात, मासे धरायच्या गळांच्या शेजारच्या काउंटरवर. आईनं पांढरा सलवार-कमीज घातला होता, टिकली लावली होती. काउंटरवरच्या पोऱ्यानं तिची उंची विचारली, वजन विचारलं, मग वाकून तिच्या डोळ्यांत बघून डोळ्यांचा रंग लिहिला. नवऱ्याचं नाव विचारलं नाही. आई बाहेर येऊन गाडीत बसली, गाडी सुरू होती तरी मला निघू देईना. ते कागदाचं चिटोरं दोन्ही हातांत धरून ती वाचत बसली. "विजया. डोळे तपकिरी," ती म्हणाली. "बास, एवढंच."

ग्लोबच्या वाटेवर डोंगर जवळ येतात, उंच हात वर केलेली निवडुंगं मागं पडतात आणि हवा थोडी हलकी होते. लॉइड यांचं घर चढावर होतं, मागं पत्र्याचं एक वर्कशॉप, दारात लिंबाचं झाड आणि त्याखाली एक म्हातारी कुत्री. ते स्वतः उंच, वाकलेले, गेलेल्या डोळ्यावर कातडी पट्टी. त्यांनी वडिलांची बंदूक मखमलीतून काढून टेबलावर ठेवली तेव्हा आईनं आधी पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केल्यासारखं केलं, मग ती उचलली, उघडली, प्रकाशाकडं धरून दोन्ही नळ्यांतून पाहिलं. तिचे हात मी आयुष्यभर कणकेत आणि साबणाच्या पाण्यात पाहिले होते. हे हात मी ओळखत नव्हते. लॉइड माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तुझ्या आईनं मला खरंच सांगितलं होतं म्हणायचं."

आईला आठवत होतं ते असं, की नानांनी इनामदाराचा दस्ता गरम तेलानं वाकवला होता. बंदुकीच्या लोखंडामागं जिथं दस्ता बारीक होतो, त्या मानेला फडकं गुंडाळायचं, त्यावर कढत जवसाचं तेल ओतत राहायचं, लाकूड नरमलं की शिकंज्यात धरून हळूहळू वळवायचं. पहिल्या दिवशी थोडं वळलं. दुसऱ्या खेपेला आणखी थोडं. तिसऱ्या खेपेला आईनं स्क्रू अर्धा फेरा पिळला आणि वर्कशॉपमध्ये एक कोरडा, बारीक आवाज झाला, सुपारी फुटावी तसा. मान तडकली होती. लॉइड यांच्या वडिलांनी जिथं मूठ आवळली असेल नेमक्या तिथं, आरपार.

लॉइड उठून बाहेर गेले. पत्र्याच्या खिडकीतून मला दिसत होतं, ते लिंबाच्या झाडाला पाइपनं पाणी घालत उभे होते, आळं भरून वाहायला लागलं तरी तसेच. आई स्टुलावर बसली होती, तेलकट हात मांडीवर उताणे टाकून. मला वाटलं, आता हा माणूस पोलिसांना फोन करील. बऱ्याच वेळानं ते आत आले, हातात लिंबाच्या सरबताचे तीन पेले. एक आईपुढं ठेवून म्हणाले, "आता ती मूळची राहिली नाही. म्हणजे आता तुम्हाला घाबरायचंही कारण राहिलं नाही."

त्या संध्याकाळी आईनं कॉलिंग कार्डावरून कोल्हापूरला फोन लावला. तिकडं सकाळ होती, मागं दूधवाल्याचा आवाज येत होता. स्पीकर चालू होता आणि मी ऐकत होते. माझ्या आईचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "नाना, मी फसलो. दुसऱ्याच्या बापाची बंदूक मोडून बसलो मी."

तिकडून आधी खोकला आला, मग हसू. "वाकवायला गेलीस व्हय? अगं विजू, एवढं वाकणारं लाकूड जगात न्हाई. इनामदाराचं मी वाकवलं न्हवतं. नवं कोरलं होतं. तेल लावून बघितलं होतं आधी, ते तू बघितलीस. ते मोडलं तवा तू परीक्षेला बसली होतीस."

"म्हणजे तुमच्याकडनंबी मोडलं होतं?"

"मग? न मोडता कोण शिकलंय? फळकूट हाय का त्याच्याकडं अक्रोडाचं?"

होतं. लॉइड यांच्या बायकोच्या माहेरच्या शेतावरचं, तिच्या बापानं कापून सुकवायला ठेवलेलं. ती गेली तेव्हापासून माळ्यावर पडून होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात संध्याकाळी कोल्हापूर बोलायला लागलं. नाना सांगायचे, आई मान हलवायची, जणू त्यांना दिसतंय. रेघ मानेतून सरळ गेली पाहिजे, आडवी गेली तर पुन्हा मोडंल. पटाशी ढकलू नको, नुसती टेकव. घाई करू नको, लाकडाला म्हाईत असतं. "करतो," आई म्हणायची. "बघतो. हळू घेतो."

बाबा हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "विजया, आता पुरे. मोडली ना? माफी माग आणि विषय संपव."

आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "त्या माणसाची बंदूक मोडलीय मी. ती तशीच टाकून येऊ?"

पुढच्या शनिवारी बाबाच गाडीच्या चालकाच्या जागी जाऊन बसले. मी मागं बसले. ग्लोबला पोचल्यावर ते गाडीतून उतरेनात. काचा खाली करून त्या उन्हात ते ऑफिसचे कागद वाचत बसले. दुपारी लॉइड यांनी त्यांना बोलावून आणलं, तर ते वर्कशॉपच्या दारात दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले, देवळात सोवळ्यातल्या माणसासारखे. आईला फळकूट आवळून धरायला कोणी तरी हवं होतं. लॉइड म्हणाले, "जरा धरता का इकडून?"

"सॉरी," बाबा फार गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे लायसन्स नाही."

लॉइड यांनी त्या लाकडाकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं. "सर, हे अजून झाडच आहे."

बाबांनी थोडा विचार केला आणि धरलं. त्यानंतर ते दर शनिवारी आले. बंदुकीच्या लोखंडाला त्यांनी कधीच बोट लावलं नाही.

लोखंड लाकडात बसवायचं काम सगळ्यात नाजूक. लोखंडाला काजळी फासायची, लाकडाच्या खाचेत दाबायचं, काढायचं, आणि जिथं काळा डाग उठला असेल तेवढंच खरवडायचं. परत काजळी, परत दाबायचं. लॉइड तयार काजळीची बाटली दुकानातून आणणार होते, पण आई म्हणाली, नको. तिनं तांब्याच्या पालथ्या ताटलीखाली एरंडेलाचा दिवा लावला आणि लहान मुलांच्या डोळ्यांत घालतात तसं काजळ धरलं. सबंध वर्कशॉपला तो करपट, तेलकट वास. लॉइड त्यांच्या एका डोळ्यानं ते बघत बसत. कधी त्यांच्या बायकोबद्दल बोलत. आई त्यांच्या खांद्यापासून डोळ्यापर्यंतची मापं पुन्हा पुन्हा घेई, त्यांची हनुवटी निःसंकोच धरून डोकं सरळ करी. माझ्या आईनं बाबांखेरीज कुठल्या पुरुषाच्या चेहऱ्याला हात लावलेला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि बाबा शेजारी लाकूड धरून उभे होते.

पावसाळा संपता संपता नाना दवाखान्यात गेले. फोनवर त्यांचा आवाज लांबून यायला लागला. एकदा ते फक्त एवढंच म्हणाले, "मान जाड ठिवलीस न्हवं?" त्यानंतर मामाच बोलायचा. बाबांनी वकिलाला फोन केला. पासपोर्टवरचा शिक्का कधीच संपला होता. वकील म्हणाला, बाईंनी जायचं तर जावं, पण परत कधी येता येईल ते आज कोणी सांगू शकणार नाही. महिने लागतील, कदाचित नाहीही. बाबांनी ते आईला शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, "तू जा. आपण बघू काय होतं ते." आई माझ्याकडं बघत राहिली. मी बारावीच्या वर्षात होते. ती गेली नाही. तिनं बॅग माळ्यावरून काढली होती, ती पलंगाशी तशीच उघडी राहिली, आणि मी तिच्याकडं न बघता ये-जा करत राहिले. नाना गेल्याचा फोन आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं, मामाला दोन गोष्टी विचारल्या, फोन ठेवला. मग म्हणाली, "शनिवारी जायचंय ना ग्लोबला? तेलाचा शेवटचा हात राहिलाय."

पुढचं थोडं इथंच सांगून टाकते, कारण गोष्टीच्या शेवटी मला ते नको आहे. त्या मासिकाच्या पुढच्या अंकात लॉइड यांची ओळ नव्हती. त्याऐवजी त्यांनी चार ओळींचे आभार छापले होते, आणि मग आम्हाला पत्रं यायला लागली. कोणाला तुटलेला दस्ता जोडून हवा होता, कोणाला आजोबांच्या रायफलीला जुन्यासारखं लाकूड. आई प्रत्येकाला आपल्या गोल अक्षरात लिहायची की सध्या शक्य नाही, क्षमस्व. काम करायची परवानगी तिला मिळाली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि लॉइड गेले होते. तिनं गॅरेजमध्ये टेबल मांडलं, आणि अजूनही तिथंच असते. मधल्या वर्षांबद्दल मी तिला एकदा विचारलं. "वर्षं गेली ती गेली," ती म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय. ती उघडी बॅग मला आता जास्त दिसते.

लाव्यांच्या मोसमात एका रविवारी सकाळी लॉइड आम्हाला डोंगरापलीकडं घेऊन गेले. हवेत पहिल्यांदाच थोडी शिरशिरी होती. मेस्कीटच्या काटेरी झुडपांत ती म्हातारी कुत्री नाक खाली घालून पुढं, मागं लॉइड, त्यांच्या मागं आई खिशात लायसन्स घेऊन, आणि मग मी आणि बाबा, नारिंगी जाकिटं घालून. दस्ता झाला होता विचित्रच, मानेपाशी वळण घेऊन बाजूला गेलेला. लॉइड यांच्या हातात तो पाहिला की वाटे, ह्यात काही तरी चुकलंय. आणि त्यांनी तो खांद्याला लावला की वाटे, त्यांच्या अंगालाच तो फुटलाय. पहिला थवा भुर्रकन उडाला आणि त्यांचे दोन्ही बार वाया गेले. दुसऱ्या थव्यालाही तेच. ते थांबले. म्हणाले, "बंदूक बरोबर आहे. मीच संपलोय."

"तुम्ही मान वाकवताय," आई म्हणाली. "जुन्या सवयीनं. तुम्ही तिच्याकडे जाऊ नका. ताठ उभे राहा, तीच तुमच्याकडं येईल."

पुढच्या वेळी ते ताठ उभे राहिले. आवाज झाला, आणि एक लावा हवेतच गोळा होऊन झुडपात पडला. कुत्रीनं तो आणून त्यांच्या पायाशी ठेवला. लॉइड यांनी तो उचलला नाही. ते बंदूक उघडून, पाठ फिरवून, डोंगराकडं बघत उभे राहिले, आणि बाबांनी जाऊन त्यांच्या खांद्यावर, बऱ्या खांद्यावर, हात ठेवला. निघताना त्यांनी त्या सकाळचे लावे साफ करून, कागदात गुंडाळून आईला दिले. ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं दोन्ही हातांनी घेतले.

घरी आल्यावर तिनं खोबरं भाजलं, तीळ भाजले, कांदा लाल होईपर्यंत परतला. डब्याच्या तळातून मामानं कधी तरी पाठवलेला कोल्हापुरी मसाला काढला. त्या स्वयंपाकघरात कधी अंडंही उकडलं नव्हतं. बाबांनी न सांगता सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या वर ओढल्या, काचा सरकवल्या. रस्सा उकळायला लागला तसा तो वास पडद्यांत, सोफ्यात, माझ्या केसांत शिरला. आईनं बाबांसाठी वेगळा वरणभात लावला. मला वाटलं, ते आपलं ताट घेऊन आत जातील. ते तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि वरणावर तूप वाढून घेतलं.

एक पान आईनं बाजूला वाढून ठेवलं. मग ती जेवली. इतक्या वर्षांनी जेवली, हाडं चोखून, बोटं चाटून, घाम पुसत, कोणाकडं न बघता. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानं, दुसरं काही नाही. तिनं ताट पुसून घेतलं, पाणी प्याली आणि आमच्या दोघांकडं पाहिलं.

"आता तुम्ही दोघं जरा बाहेर जा," ती म्हणाली. "मला रडायचंय."

बाबा लगेच उठले. मीही उठले, हात न धुताच. आम्ही दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो, ऊन अंगावर घेत. खाली पुलात कोणाची तरी मुलं पाणी उडवत होती. आधी आतून काहीच आलं नाही. मग आवाज आला, मोठ्यानं, गळा काढून, गावाकडं दारात बसून बायका रडतात तसा, त्या बिल्डिंगमध्ये कोणी कधी ऐकला नसेल असा. शेजारच्या घराचं दार उघडलं, एक बाई डोकावली. बाबा उठून उभे राहिले, दारासमोर, आणि तिला म्हणाले, "इट्स ओके. माय वाइफ्स फादर." आणि ते तसेच तिथं उभे राहिले, आईचं होईपर्यंत.